दोघांची बोट, परक्याचं पाणी

मार्केसस द्वीपसमूहातल्या नुकु हिवा बेटावर ताइओहाए नावाचा खोल उपसागर आहे. गॅलापागोसहून निघालेल्या शिडाच्या बोटी तीन-साडेतीन आठवड्यांनी इथे येऊन टेकतात. आधीच नांगरून बसलेल्या बोटींवरची माणसं नव्या बोटीकडे टक लावून बघतात, आणि त्यांना बघायचं असतं ते नांगर टाकणं. एक जण नाळेवर साखळीपाशी उभा, दुसरा मागे सुकाणूवर. मध्ये तीस-चाळीस फूट अंतर, वारा आणि इंजिनाचा आवाज. पुढच्याने हात हलवला तो 'थांब' म्हणून की 'मागे घे' म्हणून, हे मागच्याला कळत नाही आणि आवाज चढतात. अर्धा प्रशांत महासागर न भांडता पार केलेली जोडपी शेवटच्या शंभर फुटांत साऱ्या बंदरासमोर भांडतात. म्हणून आता पुष्कळ बोटींवर दोघांच्याही कानांना बिनतारी हेडफोन असतात. बोटवाल्यांच्या बोलीत त्यांना 'संसार वाचवणारे' असं नाव पडलं आहे.

मला हे नाव या साऱ्या विषयाची किल्ली वाटतं. घरदार विकून किंवा भाड्याने देऊन, एका शिडाच्या बोटीवर दोघांनीच राहायचं आणि उष्ण कटिबंधातल्या बेटांमधून वर्षानुवर्षं फिरायचं, असं जगणाऱ्यांबद्दल पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा आणि दुसरा वादळांचा. दोन्ही रास्तच आहेत. पण गेल्या सत्तर वर्षांतल्या अशा प्रवासांची हकीकत वाचत गेलं की दिसतं, हा संसार टिकतो किंवा मोडतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींवर. एक म्हणजे, दोघांपैकी प्रत्येकाला पूर्ण बोट येते का. आणि दुसरी, ज्यांच्या पाण्यात नांगर टाकला त्यांच्याशी हे दोघे कसे वागतात.

या प्रकारच्या जगण्याला वळण दिलं एरिक आणि सुझन हिस्कॉक या ब्रिटिश दांपत्याने. 'वाँडरर थ्री' ही त्यांची बोट फक्त तीस फुटांची. १९५२ ते १९५५ या काळात दोघांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि १९५९ ते १९६२ मध्ये पुन्हा केली. एरिकची दृष्टी अधू होती, तरी तो लिहीत राहिला. त्याने लिहिलेली पुस्तकं पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी पाठ्यपुस्तकासारखी वापरली, कारण ती मोहिमेच्या भाषेत नव्हती. पाणी किती घ्यावं, शीड कसं शिवावं, दिवा कुठे टांगावा, असं ते घरगुती लिखाण होतं. समुद्र ओलांडणं हा पराक्रम न राहता राहणीचा एक प्रकार झाला तो तिथून.

त्यानंतरची ठळक जोडी लिन आणि लॅरी पार्डी यांची. कॅलिफोर्नियात साडेतीन वर्षं खपून त्यांनी स्वतःच्या हातांनी 'सेराफिन' बांधली आणि १९६८ मध्ये पाण्यात सोडली. लांबी २४ फूट ४ इंच आणि इंजिन अजिबात नाही. वारा पडला की लांब वल्हं मारायचं. अकरा वर्षांनी ते प्रदक्षिणा पुरी करून परतले, मग 'तालेसिन' नावाची थोडी मोठी बोट बांधली, तिलाही इंजिन बसवलं नाही. छोटी बोट घ्या, साधी ठेवा, पण निघायचं लांबवू नका, असा त्यांचा आग्रह असे. लॅरी भेटला तेव्हा लिनला नौकानयनाचा जेमतेम अनुभव होता. पुढे तिने समुद्रावरच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं, तशीच बोट हाकण्यावरही लिहीत राहिली. लॅरी २०२० मध्ये गेला.

पार्डींच्या काळात सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजून जागा काढावी लागे, आणि आकाश ढगाळ असलं तर दोन-दोन दिवस अंदाजावर काढावे लागत. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि कोणालाही आपली जागा काही मीटरपर्यंत अचूक कळू लागली. मग सौरपट्ट्या आल्या, समुद्राचं पाणी गोडं करणारी छोटी यंत्रं आली, जवळून जाणारी जहाजं पडद्यावर दिसू लागली, आणि गेल्या काही वर्षांत भर समुद्रातही उपग्रहावरचं इंटरनेट आलं. दारं त्यामुळे कितीतरी अधिक माणसांना उघडली. पण उपकरणांनी एक फसवणूकही आणली आहे: ज्याला ती वापरता येतात तो एकटाच बोट चालवतो आणि दुसरा प्रवासी होतो. पार्डींच्या बोटीवर हे शक्यच नव्हतं.

दोघांचीच बोट भर समुद्रात असते तेव्हा दिवस कसा जातो, हे कळल्याशिवाय हा मुद्दा नीट ध्यानात येणार नाही. गॅलापागोस ते मार्केसस हे अंतर सुमारे तीन हजार सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. पस्तीस-चाळीस फुटांची बोट व्यापारी वाऱ्यांवर दिवसाला सव्वाशे-दीडशे सागरी मैल जाते. वीस-पंचवीस दिवस जमीन दिसत नाही. नांगर टाकण्याएवढं उथळ पाणीही वाटेत नाही, त्यामुळे बोट अहोरात्र चालत राहते आणि दोघांपैकी एकाला सतत जागं राहावं लागतं. बहुतेक जोडपी रात्री तीन-तीन किंवा चार-चार तासांच्या पाळ्या लावतात. वाऱ्याच्या दिशेवर चालणारं स्वयंचलित सुकाणू हातातलं काम हलकं करतं, पण डोळे माणसाचेच लागतात. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं.

परिणाम विलक्षण होतो. दोन माणसं चोवीस तास एकमेकांपासून तीस फुटांच्या आत असतात, आणि तरी त्यांची गाठ पडते ती पाळी बदलताना आणि संध्याकाळच्या जेवणाला. एकाची झोप ही दुसऱ्याची जबाबदारी असते. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात: शरीराला तुकड्यातुकड्यांची झोप जमत नाही, मळमळ असते, शब्द टोचतात. मग एक लय सापडते. या लयीबद्दल परतलेली माणसं जितक्या ओढीने बोलतात तितकी बेटांबद्दलही बोलत नाहीत. आणि ही लय विश्वासावर चालते. वर पाळीवर बसलेल्याला शीड वेळेत कमी करता येईल, जहाज दिसलं तर मार्ग बदलता येईल, याची खात्री असेल तरच खालच्याला झोप लागते. ती नसेल तर एक जण पंचवीस दिवस अर्धवट जागाच असतो, आणि दमलेला माणूस समुद्रावर चुका करतो.

खाण्यापिण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मराठी घराला ते ओळखीचं वाटेल. गोडं पाणी करणारं यंत्र बिघडलं तर माणशी दिवसाला चार-पाच लिटरवर भागवावं लागतं. अंघोळ आणि भांडी खाऱ्या पाण्यात होतात, शेवटचा तांब्या गोडा. कोबी, कांदे, बटाटे, लिंबं टिकतात. अंडी रोज उलटी केली तर शीतकपाटाशिवाय कित्येक आठवडे राहतात. हलत्या ओट्यावर झाकण घट्ट लागलेला प्रेशर कुकर हे सर्वांत सुरक्षित भांडं, म्हणून युरोपी-अमेरिकी बोटींवरही तो असतोच. आणि ताजी भाजी संपली की बोटीवरची माणसं मूग भिजवून मोड काढतात. आपल्याकडे जी गोष्ट कुणी सांगायलाही नको, ती त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत आवर्जून लिहिलेली असते.

आता कामांची वाटणी. बोटवाल्यांमध्ये 'निळी कामं' आणि 'गुलाबी कामं' असा शब्दप्रयोग रूढ आहे. इंजिन, विजेच्या तारा, नांगर, हवामान ही निळी. स्वयंपाक, सामान भरणं, कागदपत्रं, डागडुजीचं शिवणकाम ही गुलाबी. रोजच्या जगण्यात वाटणी हवीच. दोघांनी प्रत्येक काम निम्मं-निम्मं करायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही, आणि ज्याचा हात ज्यावर बसला आहे त्याने ते केलेलं बरं. माझा विरोध वाटणीला नाही. ती वाटणी ज्ञानाचीही होते, तिला आहे.

कारण या बोटींवरची सर्वांत मोठी भीती वादळाची नसते. एक जण पाण्यात पडण्याची असते. समजा रात्री दोन वाजता नवरा शीड आवरायला पुढे गेला आणि घसरला. आता बोटीवर एकच माणूस आहे. तिने त्याच्यावरची नजर न हटवता बोट वळवायला हवी, शिडं उतरवायला हवीत, इंजिन चालू करताना एखादी दोरी पंख्यात अडकणार नाही हे बघायला हवं. मग त्याच्या वाऱ्याच्या बाजूला येऊन त्याच्यापर्यंत दोर पोचवायचा, आणि भिजून आणखी जड झालेला ऐंशी किलोचा माणूस शिडाच्या दोरीने, विंच फिरवून, मीटरभर उंच काठावर घ्यायचा. ज्या बाईला आजवर 'तू फक्त सुकाणू सरळ धर' इतकंच सांगितलं गेलं आहे, तिच्याकडून हे होणार नाही. तेवढ्याच खरेपणाने उलटही: जिला रेडिओ, औषधांची पेटी आणि बंदराचे कागद समजतात, ती तापाने फणफणली तर नवऱ्याला कोणती गोळी कुठे आहे हे ठाऊक हवं. विजेच्या विंचने ताकदीचा प्रश्न बराचसा सोडवला आहे. उरतो तो शिकवण्याचा आणि शिकू देण्याचा. नवरा हा बायकोचा फार वाईट शिक्षक असतो, आणि बायको नवऱ्याची. म्हणून दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी, परक्या शिक्षकाकडे शिकावं, असा सल्ला अनुभवी जोडपी देतात. तो मला मोलाचा वाटतो.

दोन माणसांच्या बोटीला नेमकं काय लागतं याचं अलीकडचं स्वच्छ उदाहरण गोव्यातलंच आहे. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी 'तारिणी'वरून २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या, केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ ला पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतल्या. त्यांचा मार्ग थंड, खवळलेल्या दक्षिण समुद्राचा होता आणि त्या सुट्टीवर नव्हत्या, पण दोघींचं गणित तेच. एक झोपली की दुसरी हीच संपूर्ण बोट.

आणि कधी कधी बोटच राहत नाही. मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्लंडच्या डर्बी शहरातलं जोडपं. त्यांनी घर विकून 'ऑरॅलिन' घेतली आणि १९७२ मध्ये न्यूझीलंडला स्थायिक व्हायला निघाले. बाहेरच्या जगाची लुडबुड नको म्हणून मॉरिसने संदेश पाठवणारा रेडिओ बसवू दिला नाही. पनामाहून गॅलापागोसकडे जाताना ४ मार्च १९७३ ला देवमाशाच्या धडकेने बोट फुटून बुडाली. त्यानंतर ११८ दिवस ते एक रबरी तराफा आणि एक छोटी होडी यांवर तरंगत राहिले. मॅरलिनला पोहता येत नव्हतं. पण सेफ्टी पिना वाकवून गळ केले ते तिने, पत्ते कापून केले ते तिने, रोजनिशी ठेवली ती तिने. मॉरिस खचत गेला तसतसा ती पुढच्या बोटीचा आराखडा मांडत त्याला बोलतं ठेवत गेली. सात जहाजं जवळून गेली, कुणी पाहिलं नाही. ३० जूनला कोरियाच्या एका मासेमारी बोटीने त्यांना उचललं. सोफी एल्महर्स्ट यांनी या दोघांवर २०२४ मध्ये एक सुंदर पुस्तक लिहिलं आहे. त्यात समुद्रापेक्षा लग्नाबद्दल अधिक आहे, आणि ते योग्यच आहे. बोटीचा कप्तान मॉरिस होता. तराफ्याचा कप्तान कोण, हे तराफ्यानेच ठरवलं. पुढे त्यांनी खरंच 'ऑरॅलिन टू' बांधली आणि पुन्हा दूरच्या समुद्रावर गेले.

पैशाचं बोलायचं तर, बोट विकत घेणं हा खर्चाचा आरंभ. वर्षाला बोटीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के दुरुस्तीला लागतात, असा जुना ठोकताळा आहे. खारं पाणी आणि ऊन मिळून सगळं खातात: शिडांची शिवण, तारांचे जोड, पंप, बॅटऱ्या. सुटा भाग मागवला की तो तिसऱ्या बेटावर पोचतो आणि जकातीत अडकतो. निळ्याशार सरोवरात नांगरलेल्या बोटीवर दोघांपैकी एक जण दिवसभर इंजिनाच्या खबदाडात डोकं घालून बसलेला असतो, हे त्या जगण्याचं खरं चित्र आहे.

ऋतू मात्र पैशाने टळत नाही. दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. या महिन्यांत बोटी दक्षिणेला न्यूझीलंडकडे उतरतात किंवा जमिनीवर काढून ठेवतात. फिजीतल्या वुडा इथल्या मरिनात जमिनीत चर खणून बोटीचा कणा त्यात उतरवतात, म्हणजे पोट टायरांवर टेकतं आणि वादळात बोट आडवी होत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने फिजीत चव्वेचाळीस माणसं मारली, त्यावरून या चरांची गरज कळावी. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रावर जातात. वर्षाचे काही महिने समुद्र आपला नसतो, हे दोन्हीकडच्या माणसांनी सारखंच ओळखलं आहे.

भारतीय जोडपी या वाटेवर अजून फार थोडी. शिडाच्या बोटीतून आपल्याकडची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा लष्कराच्या 'तृष्णा'ची, १९८५ ते १९८७. मग दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकटे फिरून आले. नौदलातून बाहेर पडलेला एक अधिकारी बायको आणि मुलीला घेऊन आग्नेय आशियात शिडाच्या बोटीवर राहायला गेला. अडचण धैर्याची नाही. फिजीत भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागत नाही, पण फ्रेंच पॉलिनेशियाला लागतो, आणि वाऱ्यावर चालणाऱ्या बोटीला पोचण्याची तारीख लिहून देता येत नाही. आपल्या पश्चिमेचं पाणीही धोक्याचं झालं. २०११ च्या फेब्रुवारीत मुंबईहून ओमानला निघालेली 'क्वेस्ट' ही अमेरिकी जोडप्याची बोट सोमाली चाच्यांनी पकडली, आणि तिच्यावरचे चौघेही मारले गेले. त्या काळापासून हिंद महासागर ओलांडणाऱ्या बहुतेक बोटी तांबडा समुद्र सोडून दक्षिण आफ्रिकेला वळसा घालू लागल्या.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं. जाहिरातींत बेट नेहमी रिकामं असतं. खरं बेट कुणाचं तरी असतं. फिजीच्या दूरच्या बेटांवर नांगर टाकल्यावर पहिलं काम पोहण्याचं नसतं. टोपी आणि काळा चष्मा काढून, गुडघे झाकणारं वस्त्र नेसून, यंगोना या झुडपाच्या मुळ्यांची जुडी घेऊन गावप्रमुखाकडे जायचं, मांडी घालून बसायचं आणि ती जुडी पुढे ठेवायची. या रीतीला सेवुसेवु म्हणतात. जुडी स्वीकारली गेली की त्या खाडीत राहायची, फिरायची मोकळीक मिळते, आणि संकटात गाव मदतीला येतं. पनामाच्या 'गुना याला' नावाच्या बेटांवर माणूस दिसत नसला तरी प्रत्येक नारळाला मालक असतो, गुना लोकांचं ते एके काळी चलनच होतं. खाली पडलेला नारळही विचारल्याशिवाय उचलायचा नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, दुसऱ्याच्या वाडीतला नारळ कुणी 'निसर्गाचा' मानत नाही. याच बेटांपैकी गार्डी सुग्दुब समुद्र चढल्यामुळे २०२४ च्या जूनमध्ये सोडावं लागलं आणि सुमारे तीनशे कुटुंबं मुख्य भूमीवर गेली.

विचारण्यात पाहुण्याचा जीवही वाचतो. प्रवाळांतल्या काही माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. शिजवून ते जात नाही, चवीला कळत नाही. एका सरोवरात जो मासा निर्धोक तोच शेजारच्या सरोवरात विषारी. हे फक्त तिथला कोळी सांगू शकतो. सरोवरात शिरायची अरुंद वाट कोणत्या भरतीला सोपी, हेही तोच सांगतो. दोघांची बोट स्वयंपूर्ण असते असं वाटतं, पण तिचा प्रत्येक मुक्काम कुणाच्या तरी माहितीवर आणि परवानगीवर उभा असतो.

चागोसची गोष्ट मला याच संदर्भात सोडवत नाही. मालदीवच्या दक्षिणेला असलेल्या या द्वीपसमूहातून ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात सारी वस्ती हलवली, दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून. माणसं मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. त्यानंतर हिंद महासागर ओलांडणारी जोडपी उत्तरेकडच्या सालोमन आणि पेरोस बान्योस या प्रवाळवलयांत थांबू लागली. काही जण तिथे महिनेच्या महिने राहत. त्यांतल्या बोद्दाम बेटावर त्यांनी पडक्या वस्तीतली एक जागा साफसूफ करून संध्याकाळी एकत्र बसायला वापरली. जुन्या विहिरीच्या पाण्यात कपडे धुतले. त्यांच्या आठवणींत ही आयुष्यातली सर्वांत शांत जागा आहे. त्यांनी कुणाला हाकललं नव्हतं, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना तिथल्या कबरींमुळे गलबलून आलं होतं, हेही खरं. पण ती विहीर ज्यांच्या आजोबांनी खणली, त्यांना तिथे राहायला परवानगी नव्हती. शिडाच्या बोटीतून आलेल्या परक्याला होती.

पुढे बोटींचा मुक्काम परवान्याने अठ्ठावीस दिवसांवर आला. २०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनने चागोसवरचा ताबा सोडावा असं मत दिलं. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटं मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सह्या केल्या. बोद्दामवरच्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत, आत नारळ उगवले आहेत.